हिरो एक, भानगडी अनेक

पाच जणांची टीम जमते. पाचही जणांना पुढे जाऊन गोळ्या झाडायच्या असतात. जखमींना बरं करायचं काम कोणालाच नको असतं. पंगतीत सगळेच पाटावर बसले आणि वाढायला एकही उठला नाही, तर जे होतं तेच होतं: सगळेच उपाशी. हिरो शूटर नावाच्या व्हिडिओ गेमचं अर्धं रडगाणं इथं आहे. गंमत अशी की त्याचं अर्धं कौतुकही इथंच आहे.

ज्यांच्या घरात अजून हे खूळ शिरलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. साध्या बंदूकबाजीच्या गेममध्ये सगळ्यांच्या हातात सारखीच हत्यारं, ज्याचा नेम चांगला तो जिंकला. हिरो शूटरमध्ये प्रत्येक खेळाडू एक ठरावीक पात्र निवडतो. एकाकडे ढाल, एकीकडे मलमपट्टी, एक धुराच्या भिंती उभ्या करणार, एक भिंतीपलीकडचं बघणार. शिवाय प्रत्येकाकडे एक ब्रह्मास्त्र असतं, त्याला ‘अल्टिमेट’ म्हणतात. ते हळूहळू भरतं आणि वापरलं की पुन्हा भरेपर्यंत हात चोळत बसायचं. ओव्हरवॉच, व्हॅलोरंट, एपेक्स लेजंड्स, मार्व्हल रायव्हल्स ही या घराण्यातली मोठी नावं. अमेरिका-चीनमध्ये तयार होणाऱ्या या गेमचे धागे धाराशिव जिल्ह्यापर्यंत कसे येतात, ते बघा.

फसलेल्या गेमचं गुणी पोर

ओव्हरवॉच जन्माला आला तो एका अपयशातून. ब्लिझार्ड कंपनी ‘टायटन’ नावाचा एक अवाढव्य ऑनलाइन गेम सात वर्षं घडवत होती. तो काही केल्या रंगेना. २०१४ मध्ये कंपनीने तो रद्द झाल्याचं जाहीर केलं आणि उरलेल्या मंडळींनी त्यातलंच काही उचलून नवा, आटोपशीर गेम बांधला. २४ मे २०१६ रोजी २१ हिरो घेऊन ओव्हरवॉच बाजारात आला आणि ‘हिरो शूटर’ हा शब्द घरोघरी गेला.

तसं पाहिलं तर त्याचा आजा आधीच हजर होता. वाल्व्ह कंपनीचा २००७ सालचा टीम फोर्ट्रेस २ हा गेम नऊ पात्रांवर उभा होता. त्यातला मेडिक आपल्याच गड्याच्या पाठीला औषधाची नळी रोखून त्याच्या मागे मागे पळायचा. पुढच्या सगळ्या गेममधले डॉक्टर, नर्स, वैदू याच मेडिकचे वारस.

निजामाच्या राजधानीतली लेक

ओव्हरवॉचच्या पहिल्या २१ हिरोंमध्ये एक भारतीय होती. नाव सिमेट्रा, खरं नाव सत्या वासवानी, गाव हैदराबाद. धाराशिवकरांनी कान टवकारायला हरकत नाही, कारण १९५६ पर्यंत या जिल्ह्याचीही राजधानी हैदराबादच होती आणि उस्मानाबाद हे जिल्ह्याचं जुनं नावही सातव्या निजामाचं, मीर उस्मान अली खानाचं. म्हणजे जुन्या सरहद्दी धरल्या तर सिमेट्रा आपल्याच मुलखातली!

सिमेट्रा प्रकाशापासून वस्तू विणते. भिंतीवर छोट्या छोट्या तोफा चिकटवते, टीमला एका जागेवरून दुसऱ्या जागी नेणारं दार उघडते. लेखकांनी तिला ऑटिझम असल्याचंही कथेत सांगितलं, आणि गेमच्या दुनियेत ही गोष्ट तेव्हा फार दुर्मीळ होती. पण खेळाच्या हिशेबात बिचारीची परवड झाली. तिची शक्ती नेमकी किती असावी, हे कंपनीला ठरवताच येईना. कधी तिचं ब्रह्मास्त्र बदललं, कधी बंदूक, कधी तिला आधार देणाऱ्या गटातून उचलून मारणाऱ्या गटात टाकलं. हिरो शूटरची पहिली मोठी खोड इथं दिसते: तुम्ही महिनोन् महिने एका पात्रावर हात बसवता आणि एका सकाळी अपडेट येऊन ते पात्र परकं होतं.

२०१६ मध्ये तिच्या ‘देवी’ नावाच्या पोशाखावरून वादही झाला. अमेरिकेतले हिंदू कार्यकर्ते राजन झेड यांनी तो काढून टाकायची मागणी केली. खेळाडूच्या माऊसवर देवी नाचावी हे त्यांना मान्य नव्हतं. कंपनीने पोशाख ठेवला.

नाव बदलण्याच्या बाबतीत मात्र ओव्हरवॉच आणि धाराशिव एकाच रांगेत बसतात. त्यातल्या मॅक्री या काउबॉयचं नाव कंपनीतल्या एका खऱ्या माणसावरून ठेवलेलं होतं. कंपनीतल्या छळाच्या तक्रारी कोर्टात गेल्यावर २०२१ मध्ये त्याचं बारसं नव्याने झालं आणि तो कॅसिडी झाला. जुने खेळाडू अजून सवयीने जुनंच नाव घेतात. आपल्याकडे एसटीची पाटी बदलली तरी कंडक्टरच्या तोंडी काय येतं, ते सगळ्यांना ठाऊक आहे.

शीला आणि मलिक-ए-मैदान

सिमेट्राला आवाज दिलाय अंजली भिमानी या भारतीय वंशाच्या अमेरिकन अभिनेत्रीने. हाच गळा एपेक्स लेजंड्समध्येही ऐकू येतो. तिथं ती रॅम्पार्ट झालीय, खरं नाव रम्या पारेख. दोन प्रतिस्पर्धी कंपन्या, दोन भारतीय नायिका, आवाज एकच. सिमेट्रा तोलूनमापून बोलते, रम्या मात्र गॅरेजमध्ये वाढलेली, तोंडाळ, बंदुका ठोकून-पिटून स्वतः बनवणारी.

रम्याच्या अवाढव्य मशिनगनचं नाव आहे शीला. शीला सुरू व्हायलाच वेळ घेते, ती चालवताना रम्याची चाल मंदावते, पण एकदा का फिरायला लागली की समोरच्याची खैर नाही. तोफेला नाव ठेवायची ही हौस आपल्या जिल्ह्यातल्या परंड्याच्या किल्ल्याने साडेचार शतकांपूर्वीच अनुभवलीय. मलिक-ए-मैदान, म्हणजे मैदानाचा मालक, हे नाव शोभावं अशी ती ५५ टनांची तोफ. १५४९ मध्ये अहमदनगरला ओतली गेली, मग परंड्याच्या किल्ल्यावर बसली आणि १६३२ मध्ये आदिलशाहीने ती विजापूरला ओढून नेली. सांगतात की त्यासाठी चारशे बैल आणि दहा हत्ती जुंपले होते. आज ती विजापूरच्या बुरुजावर आहे.

या तोफेची एक दंतकथा हिरो शूटरवाल्यांनी ऐकली तर ते लगेच पेटंट घेतील. बत्ती दिल्यावर आवाज एवढा व्हायचा की गोलंदाज शेजारच्या पाण्याच्या हौदात उडी मारून कान वाचवायचा! गेमच्या भाषेत सांगायचं तर ब्रह्मास्त्र वापरलं की स्वतःलाच इजा, आणि पुन्हा वापरायला भरपूर वेळ. बॅलन्सिंग म्हणतात ते हेच. ताकद जेवढी मोठी, तेवढा तिचा जाच मोठा. हा तोल जमला की गेम रंगतो, फसला की सगळे एकच पात्र घेऊन बसतात.

पुढची गोष्ट आणखी भारी. १८५४ मध्ये इंग्रजांनी हीच तोफ मोडीत काढायला लिलावात उभी केली आणि बोली लागली फक्त १५० रुपयांची. वरिष्ठांनी लिलाव रद्द केला म्हणून ती वाचली. आता आकडा लक्षात ठेवा: व्हॅलोरंटमध्ये २०२० साली बंदुकांना ड्रॅगनचं रूप देणारा ‘एल्डरफ्लेम’ नावाचा संच आला, त्याची किंमत होती ९,९०० व्हॅलोरंट पॉइंट, म्हणजे रुपयांत काही हजार. त्याने गोळी एक इंचही जास्त लागत नाही. फक्त बंदूक जांभई देते आणि रीलोड करताना ड्रॅगन कुरकुरतो.

पाणीवाला वरुण

ऑक्टोबर २०२२ मध्ये व्हॅलोरंटमध्ये हार्बर आला. खरं नाव वरुण बात्रा, भारताच्या किनाऱ्यावरचा गडी, हातात प्राचीन कडं आणि त्या कड्याच्या जोरावर पाणी त्याच्या ताब्यात. तो पाण्याची उंच, लांबलचक भिंत उभी करतो. समोरच्याला पलीकडचं दिसत नाही, आणि भिंतीतून कोणी घुसलाच तर त्याची चाल काही क्षण मंदावते. हार्बर आला तेव्हा भारतातल्या खेळाडूंनी गुलाल उधळला. मग खेळून पाहिलं आणि गुलाल झटकला. समोरच्याची नजर अडवायच्या कामात इतर पात्रं त्याच्यापेक्षा सरस निघाली. मोठ्या स्पर्धांत वरुणराव बराच काळ बाकावरच राहिले. अभिमान एकीकडे, रँक एकीकडे.

पण पाण्याची भिंत प्रत्यक्ष कशी दिसते हे बघायचं तर पावसाळ्यात नळदुर्गला जावं. बोरी नदीवर आडवा बांध, बांधाच्या पोटात महाल. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ साली, हे काम पुरं झालं. बांध भरला की पाणी दोन ठिकाणांहून खाली झेपावतं; एक नर, एक मादी. तुम्ही अरुंद जिना उतरून पाणीमहालात उभे राहता, समोर नक्षीची कमान, आणि कमानीबाहेर डोळ्यांसमोरून पाण्याचा पडदा कोसळत असतो. शेजारच्याशी बोलायला ओरडावं लागतं. तुषारांनी अंग भिजतं, खोली मात्र कोरडी. पलीकडून कोणी तुम्हाला बघू शकत नाही. हार्बरची सगळी करामत चारशे वर्षांपूर्वी दगडात करून ठेवलीय आणि तिला अपडेट लागलेला नाही.

व्हॅलोरंटवाल्यांना भारताचं वेड दुसऱ्यांदा लागलं ते जानेवारी २०२३ मध्ये. ‘लोटस’ नावाचा नकाशा आला आणि त्याचं ठिकाण दिलं होतं पश्चिम घाट. झाडीत हरवलेलं दगडी शहर, कमळाची नक्षी, आणि दोन फिरते दगडी दरवाजे. कळ दाबली की दरवाजा घरघरत फिरतो आणि तो आवाज नकाशाभर जातो. इथंच खरी मजा आहे. दरवाजा फिरवून तुम्ही आत गेला की नुसताच फिरवून दुसरीकडे पळालात, हे समोरच्याला कळत नाही. हूल द्यायला यासारखा दुसरा दरवाजा नाही. बाकीच्या बहुतेक नकाशांत बॉम्ब लावायच्या दोनच जागा, लोटसमध्ये तीन, त्यामुळे राखण करणाऱ्या पाच जणांची तारांबळ ठरलेली.

नेम नाही? हरकत नाही

आता या प्रकाराच्या खऱ्या ताकदीकडे. ज्यांचे डोळे अधू आहेत, ज्यांचं वय चाळिशीपार आहे, ज्यांच्या हाताला जन्मजात नेम नाही, अशांनाही हे गेम सामावून घेतात. ओव्हरवॉचमधली मर्सी घ्या. तिच्या हातातल्या काठीतून निघणारा किरण मित्राला आपोआप चिकटतो. नेम धरायचाच नाही. लक्ष ठेवायचं ते कोणाला कधी गरज आहे यावर. रायनहार्ट नावाचा दांडगा आजोबा मोठी ढाल धरून सगळ्यांच्या पुढे चालतो. तो एकही माणूस न मारता सामना जिंकून देऊ शकतो. साध्या शूटरमध्ये अशा माणसाला पहिल्याच मिनिटाला घरी पाठवतात.

मर्सीचंच एक जुनं प्रकरण मजेशीर आहे. सुरुवातीला ती एका झटक्यात मेलेली अख्खी टीम जिवंत करू शकायची. त्यामुळे चलाख खेळाडू करायचे काय, तर सगळे मरेपर्यंत कोपऱ्यात लपून बसायचे आणि मग उडत येऊन पाच जणांना उठवायचे. ज्या बाईचं काम जीव वाचवायचं, तिला लोकांना मरू देण्यात फायदा! २०१७ मध्ये कंपनीने हे काढून टाकलं. मर्सीवाले अजून रुसलेले आहेत. मला विचाराल तर कंपनीचं बरोबर होतं.

दुसरी ताकद म्हणजे न बोलता बोलणं. एपेक्स लेजंड्सने २०१९ मध्ये एका बटणाची अशी सोय आणली की शत्रू दिसला, बंदूक सापडली, इकडे चला, हे सगळं तोंड न उघडता सांगता येतं. तुमचं पात्रच ते मोठ्याने बोलून दाखवतं. त्यामुळे कळंबचा पोरगा आणि जकार्ताचा पोरगा एकमेकांची भाषा न येता एका टीममध्ये सुखाने खेळतात. माईक नसला, इंग्रजी नसलं, ऐकू येत नसलं तरी काम अडत नाही. पुढे कित्येक गेमनी ही युक्ती उचलली आणि उचलायलाच हवी होती.

ढाली वाढल्या, बंदुका बसल्या

२०१८-१९ मध्ये ओव्हरवॉचच्या मोठ्या स्पर्धांत एक विचित्र गोष्ट झाली. टीमनी हिशेब मांडून पाहिला आणि सहापैकी तीन ढालवाले, तीन मलमवाले घेतले. नेमबाज शून्य! या रचनेला ‘गोट्स’ हे नाव पडलं. शेळ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या जिल्ह्याने गैरसमज करून घेऊ नये. हे नाव ती रचना गाजवणाऱ्या एका टीमचं होतं, उस्मानाबादी जातीशी त्याचा संबंध नाही. पण त्या सामन्यांत सहा जण कळपाने एकमेकांना चिकटून फिरायचे, मरता मरायचे नाहीत आणि प्रेक्षक जांभया द्यायचे.

शेवटी २०१९ मध्ये कंपनीने नियमच केला: दोन ढालवाले, दोन मारणारे, दोन मलमवाले, आणि रांगेत लागतानाच कोण काय होणार ते सांगायचं. झालं काय? मारणाऱ्यांच्या रांगेत गर्दी, बाकीच्या दोन रांगा ओस. ज्याला गोळ्या झाडायच्या आहेत तो बसलाय मिनिटं मोजत, आणि ढाल धरणाऱ्याला लगेच सामना. मग कमी गर्दीची भूमिका घेणाऱ्यांना पुढच्या वेळी लवकर नंबर लावायचे पास वाटायची वेळ आली. ऑक्टोबर २०२२ मध्ये ओव्हरवॉच २ आला, तेव्हा सहाची टीम पाचवर आणून एक ढालवालाच कमी केला. कोणी ढाल उचलत नाही ना, मग ढालच एक ठेवा!

व्हॅलोरंटचंही फार वेगळं नाही. २०२२ मध्ये चेंबर नावाचा सुटाबुटातला फ्रेंच गडी एवढा वरचढ झाला की जिकडे तिकडे तोच. गोळी मारायची आणि क्षणात दुसऱ्या जागी गायब व्हायचं. वर्षअखेरीस त्याचे दात काढले, तेव्हा लोकांनी सुटकेचा श्वास सोडला आणि पुढच्या वरचढ गड्याची वाट बघायला लागले. नवा हिरो विकला जायला हवा तर तो जरा तगडा हवा. तगडा झाला की तक्रारी, मग कात्री. हे रहाटगाडगं थांबत नाही.

आणि शिव्या. एकाच्या चुकीने पाच जण हरतात म्हटल्यावर माईकवर काय चालतं ते छापण्यासारखं नाही. धाराशिवच्या बोलीत त्यातलं छापण्याजोगं एवढंच: ‘आरं हील दे की! कुठं मरायलास?’ मुलीचा आवाज ऐकू आला तर प्रकरण आणखी घाण होतं, म्हणून कित्येक जणी माईक बंद ठेवूनच खेळतात. या बाबतीत कंपन्यांनी केलेल्या उपायांत मला सर्वांत शहाणा वाटतो तो ओव्हरवॉचचा २०१८ चा. सामना संपल्यावर चांगलं वागणाऱ्या गड्याची पाठ थोपटायची सोय. कंपनीनेच सांगितलेले आकडे आहेत: त्यानंतर शिवराळ चॅट अमेरिका खंडांत २६.४ टक्क्यांनी आणि कोरियात १६.४ टक्क्यांनी घटलं. शिक्षेपेक्षा शाबासकी स्वस्त पडली.

वझीर आला रे!

आता मैदानावर या. खरोखरच्या, मातीच्या मैदानावर. धाराशिव हा खो-खोचा जिल्हा. इथल्याच सारिका काळे यांच्या नेतृत्वाखाली भारताच्या महिलांनी २०१६ मध्ये गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलं आणि २०२० मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला.

खो-खोत पाठलाग करणारा एकदा दिशा धरून निघाला की उलटा फिरू शकत नाही, मधली पाटी ओलांडू शकत नाही. सगळ्यांना एकच नियम. पण २०२२ मध्ये पुण्याच्या बालेवाडीत अल्टिमेट खो-खो लीग सुरू झाली आणि तिने एक नवं पात्र आणलं: वझीर. वझीर कुठल्याही दिशेला पळू शकतो. पॉवरप्लेमध्ये तर दोन वझीर! हिरो शूटर दुसरं काय करतो? एका गड्याला वेगळी शक्ती द्यायची आणि बाकीच्यांनी ती ओळखून खेळ रचायचा. वझीर कोणाला करायचं, त्याला कधी उठवायचं, समोरच्याने त्याला कसं दमवायचं, ही सगळी डोकेफोड अचानक टीव्हीवर बघण्याजोगी झाली. खुंटावर झेपावून किंवा हवेत सूर मारून गडी टिपला की गुणही जास्त.

जुन्या खेळाडूंनी नाकं मुरडली, ती मुरडायचीच होती. पण खेळ पुढेच गेला: जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला आणि भारताने नेपाळला हरवून दोन्ही किताब जिंकले. महिलांनी ७८-४०, पुरुषांनी ५४-३६. हिरो शूटर आणि खो-खोत एक फरक मात्र राहतोच. खो-खोत हरलेल्या गड्याला त्याच टीमबरोबर एकाच टमटममध्ये बसून घरी जायचं असतं. त्यामुळे शिव्यांवर आपोआप मर्यादा येते.

चार मिलिसेकंदांचा हिशेब

व्हॅलोरंटचा सर्व्हर मुंबईत २०२० मध्येच आला, गेम जून महिन्यात बाजारात आल्यावर काही आठवड्यांतच. त्याआधी आपल्या पोरांना सिंगापूरला जाऊन धडकावं लागायचं. प्रकाश काचेच्या तारेतून सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर धावतो. धाराशिव ते मुंबई चारशे किलोमीटर धरले तर जाऊन येऊन आठशे, म्हणजे फक्त चार मिलिसेकंद. सिंगापूरला हाच फेरा चाळीसच्या घरात जातो. गणितात धाराशिवचा खेळाडू दादरच्या खेळाडूच्या अगदी शेजारी बसलाय.

प्रत्यक्षात तार सरळ जात नाही, मधे दहा ठिकाणी थांबे, आणि बालाघाटच्या कुशीतल्या एखाद्या वाडीवर मोबाइलच्या रेंजवर खेळायचं तर चाराचे ऐंशी कधी झाले कळत नाही. व्हॅलोरंटचा सर्व्हर सेकंदाला १२८ वेळा जगाची नोंद घेतो, म्हणजे दर पावणेआठ मिलिसेकंदाला एकदा. तुमचं बोट ऐंशीवर अडकलेलं असेल तर तेवढ्यात दहा नोंदी होऊन गेलेल्या असतात. ‘मी आधी मारलं होतं!’ ही ओरड खोटी नसते. फक्त सर्व्हरला ती उशिरा ऐकू येते. त्यात लाईट गेली की वायफाय गेलं, आणि अर्ध्यात सामना सोडल्याबद्दल दंड तुम्हालाच. महावितरणचं वेळापत्रक व्हॅलोरंटवाल्या रायट कंपनीला कोण समजावणार?

खिशातला हिरो

एवढं सगळं पुराण पीसीचं झालं. जिल्ह्यातल्या बहुतेक पोरांनी हिरो शूटरची चव घेतली ती फोनवर, आणि तीही चोरवाटेने. गरेनाचा फ्री फायर हा खरं तर बॅटल रॉयल, पन्नास जण उतरतात, एक उरतो. पण त्यात प्रत्येक पात्राला शक्ती आहे. २०१९ मध्ये ब्राझीलचा खराखुरा डीजे आलोक त्यात पात्र म्हणून आला. त्याचं संगीत वाजलं की आजूबाजूच्या साथीदारांचं रक्त भरून येतं आणि पाय वेगाने चालतात. ‘आलोक आहे का तुझ्याकडं?’ हा प्रश्न त्या काळात शाळेच्या पटांगणावर किती वेळा विचारला गेला असेल! २०२० मध्ये हृतिक रोशनवर बेतलेला जय आला. त्याने समोरचा गडी पाडला की बंदूक आपोआप भरते. त्याच डिसेंबरमध्ये क्रिस्टियानो रोनाल्डो ‘क्रोनो’ बनून आला.

फ्री फायरचं बळ म्हणजे तो स्वस्त फोनवर चालायचा आणि सामना दहा मिनिटांत उरकायचा. खोड म्हणजे आलोक फुकट मिळत नव्हता. डायमंड हवेत, डायमंडला पैसे हवेत, आणि पैसे आई-बाबांच्या खात्यात. ज्याच्याकडे डायमंड त्याच्याकडे हिरो, हा हिशेब खेळाच्या मुळावरच येतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये सरकारने फ्री फायरवर बंदी घातली. फ्री फायर मॅक्स नावाचा त्याचा थोरला भाऊ मात्र चालूच राहिला. पोरं एका रात्रीत धाकट्याकडून थोरल्याकडे गेली.

अस्सल हिरो शूटर फोनवर आणायचा एक जोरदार प्रयत्न झाला होता. एपेक्स लेजंड्स मोबाइलची सुरुवातीची चाचणी जगात सर्वांत आधी झाली ती भारत आणि फिलिपिन्समध्ये. मे २०२२ मध्ये तो सगळीकडे आला, लोकांनी उचलून धरला, आणि १ मे २०२३ रोजी बंद! वर्षही पुरं झालं नाही. या जातीच्या गेमची ही सर्वांत जीवघेणी खोड. सर्व्हर बंद झाला की तुमचे हिरो, पोशाख, रँक, सगळं हवेत.

चौदा दिवसांचा गेम

या बाबतीत सर्वांत गाजला तो सोनीचा कॉन्कॉर्ड. आठ वर्षं खपून बनवलेला, १६ पात्रांचा, ४० डॉलर किमतीचा. २३ ऑगस्ट २०२४ ला आला. स्टीमवर एका वेळी जास्तीत जास्त ६९७ माणसं खेळत होती. तुळजापूरच्या दर्शनबारीत कुठल्याही मंगळवारी याहून जास्त लोक असतात. ६ सप्टेंबरला गेम बंद, सगळ्यांचे पैसे परत, आणि पुढच्या महिन्यात बनवणारा स्टुडिओही बंद.

तीन महिन्यांनी, ६ डिसेंबरला मार्व्हल रायव्हल्स आला. नेटईज ही चिनी कंपनी, स्पायडरमॅन-हल्कसारखे ३३ ओळखीचे हिरो, सगळे फुकट. तीन दिवसांत एक कोटी खेळाडू. कॉन्कॉर्ड खेळायला वाईट होता असं नाही. बंदुका चांगल्या चालायच्या, दिसायलाही देखणा होता. पण सोळापैकी एकाही पात्रावर कोणाचा जीव जडेना. हिरो शूटरमध्ये शूटर कितीही घोटीव असला तरी हिरो फिका निघाला की खेळ संपला.

पुण्याहून हैदराबादकडे

आपल्या राज्यातही हा उद्योग चालतो. पुण्याच्या सुपरगेमिंगने २०२३ मध्ये बॅटल स्टार्स काढला. चार विरुद्ध चार, आणि त्यात टेक्नो गेमर्स हा लोकप्रिय यूट्यूबर चक्क खेळता येणारा हिरो. फोनसाठी बनवलेला, त्यामुळे आपल्या पोरांच्या आवाक्यातला. त्याच कंपनीचा इंडस हा बॅटल रॉयल १६ ऑक्टोबर २०२४ ला आला. त्यात एक झकास सोय आहे: ज्याने तुम्हाला मारलं त्याच्याविरुद्ध खुन्नस नोंदवून ठेवायची आणि पुढे वचपा काढायचा. बांधावरून पिढ्यान् पिढ्या कोर्टात जाणाऱ्या महाराष्ट्रात हे कोणाला सुचलं याचं नवल वाटायला नको. मुंबईच्या ग्लोबल ईस्पोर्ट्सनेही २०२३ पासून व्हॅलोरंटच्या पॅसिफिक लीगमध्ये जागा मिळवलीय, सामने होतात ते सोलमध्ये.

एकच गोष्ट खटकते. अमेरिकेतल्या माणसांना पश्चिम घाट सापडला, आपल्या लोकांना नळदुर्ग नाही. गेमच्या नकाशाला जे जे लागतं ते तिथं आयतं आहे: लांबून मारा करायला उपळ्या बुरुज, लपायला पाणीमहाल, दोन बाजूंना दोन धबधबे, मधून जायला बांधाची अरुंद वाट, आणि पाकळ्यांसारखा नवबुरुज. शोधायला आडवाटेलाही जावं लागत नाही. सुपरगेमिंगच्या पुण्यातून निघून सिमेट्राच्या हैदराबादकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग सोलापूर ओलांडला की तासाभराच्या आत नळदुर्गातूनच जातो.